बिडाच्या मॅनिफोल्डला टर्बोचा फ्लँज: वेल्ड मारावा, अडॅप्टर लावावा की पाइपचा नवा मॅनिफोल्ड करावा?

एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो हाती आला की पहिला अडसर मॅनिफोल्डचा, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) नळकांड्याचा. टर्बो नसलेल्या इंजिनाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला खाली सायलेन्सरच्या पाइपापुरतं दोन-तीन बोल्टचं तोंड असतं. टर्बोला लागतं टी२५ नाहीतर टी३ या ठरलेल्या मापाचं, चार बोल्टचं. मग जो तो एकाच युक्तीवर येतो: जुनं तोंड कापा, जाड प्लेटचा फ्लँज (बोल्टची भोकं असलेलं सपाट तोंड) करून आणा, वेल्ड मारा. वेल्डरला विचारलं तर तो "होतं की" म्हणतो.

आणि होतंही. माझा पहिला मॅनिफोल्ड जिप्सीच्या १२९८ सीसी पेट्रोल इंजिनाचा होता. वेल्डचा टाका इतका सुबक आला की फोटो काढला. हात धुऊन चहाला बसलो आणि टेबलावरून ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा एक. कप खाली ठेवून बघितलं, तर टाक्याला लागून केसासारखी रेघ गेली होती. इंजिनावर चढण्याआधीच मॅनिफोल्ड संपला.

त्यानंतर बरेच केले. काही टिकले, काही फळीवर पडून आहेत. आता कुणी विचारायला आलं की मी रॉड कोणता वापरू हे सांगत बसत नाही. आधी दोन गोष्टी विचारतो: इंजिन डिझेल की पेट्रोल, आणि मॅनिफोल्ड नक्की कोणत्या धातूचा.

आधी धातू ओळखा

आपण सगळ्यालाच ‘कास्ट’ म्हणून मोकळे होतो, पण त्यात निदान तीन जाती येतात. जुन्या इंजिनांवर बहुतेक करड्या बिडाचा मॅनिफोल्ड असतो. त्यात तीनेक टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे धातूच्या पोटात आधीच असलेल्या भेगाच समजा. दुसरी जात एसजी आयर्न. यात मॅग्नेशियम घालून तेच ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात आणलेलं असतं, म्हणून हे बीड थोडं वाकतं, ताण सोसतं. कंपनीच्या टर्बो इंजिनांवर याचाच सिलिकॉन-मॉलिब्डेनम असलेला प्रकार खूप चालतो. तिसरी जात भरपूर निकेल असलेलं ऑस्टेनिटिक बीड, जे फार तापणाऱ्या पेट्रोल टर्बोंवर आढळतं.

ओळखायला प्रयोगशाळा नको. लोहचुंबक लावा. चिकटलाच नाही, तर ते तिसऱ्या जातीचं. चिकटला, तर मॅनिफोल्ड तारेला टांगून हातोडीने हलकेच वाजवा. एसजी घंटेसारखं घुमतं, करडं बीड ‘ठप्’ करून गप्प होतं. आधीच तडा असेल तर एसजीही ठप्पच वाजतं, त्यामुळे डोळ्यांनीही बघून घ्या. ठिणगीची परीक्षाही आहे. ग्राइंडरवर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस निघतात, स्टीलच्या लांब, उजळ आणि फाटे फुटलेल्या. कधी कधी बीड म्हणून आणलेला मॅनिफोल्ड कास्ट स्टीलचा निघतो आणि मग निम्मी चिंता मिटते.

बीड तडकतं कशाने

आर्कजवळचं बीड वितळण्याइतकं तापतं आणि बाजूचा थंड जाड भाग ती उष्णता झपाट्याने ओढून घेतो. इतका कार्बन असलेला धातू झटक्याने थंड झाला की काचेसारखा कडक थर तयार होतो. टाक्याच्या कडेने कानस ओढून बघा. चावत नसेल, नुसती घसरत असेल, तर तो थर झालाय. तेवढ्यात टाका आकसायला लागतो. स्टील असतं तर थोडं ताणलं गेलं असतं, करड्या बिडाला ताणणं माहीत नाही. म्हणून टाका शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारचं बीड सोलून निघतं. वेल्डर म्हणतो "माझा टाका तुटला नाही", आणि ते खरंच असतं.

निकेल, स्टेनलेस आणि पितळ

निकेल कार्बनशी कडक संयुग करत नाही, आकसताना मऊ राहतं, म्हणून बिडाला निकेलचा रॉड. दुकानात दोन मिळतात: जवळजवळ शुद्ध निकेलचा, ज्याला सगळे ९९ म्हणतात, आणि निकेल-लोखंडाचा ५५. नवखा माणूस ‘महाग तो चांगला’ म्हणून ९९ उचलतो. तो नुसती भेग भरायला आणि नंतर मशीनिंग करायला छान आहे. पण बिडाला स्टीलचा फ्लँज जोडायचा असेल तर ५५ घ्या. तो जास्त मजबूत आहे, कमी प्रसरण पावतो, जुन्या बिडातला फॉस्फरसही जास्त सोसतो, आणि स्वस्तही पडतो.

स्टेनलेसचा ३०९ रॉड किंवा आर्गन वेल्डिंगवर (टिगवर) ३०९ची वायर, हा गॅरेजमधला सर्वात लाडका मार्ग, कारण माल हाताशी असतो. माझ्या जिप्सीच्या मॅनिफोल्डवर हाच होता. स्टेनलेस बिडापेक्षा बरंच जास्त फुगतं आणि आकसतं, शिवाय त्यातला क्रोमियम बिडातला कार्बन ओढून जोडरेषेवरच कडक थर करतो. एसजीवर ३०९ टिकलेला मी पाहिलाय. करड्या बिडावर पैसे घेऊन मी तो करणार नाही. याची खरी जागा पुढे येते, स्टीलचा फ्लँज स्टेनलेस पाइपाला जोडताना.

पितळेचं वेल्डिंग किंवा सिलिकॉन ब्राँझ यांचं म्हणणं वेगळं. बीड वितळतच नाही, त्यामुळे कडक थर जवळजवळ होत नाही आणि जोड देखणा येतो. वॉटर पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचा कान, इथे याला तोड नाही. पण पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या खूप आधीच त्याची ताकद गेलेली असते. पेट्रोल टर्बोच्या आधीचा वायू पूर्ण लोडवर ८५० ते ९५० अंशांपर्यंत जातो. त्या जोडावर पाच-सहा किलोचा टर्बो लटकवणं म्हणजे मेणाच्या खुंटीला घागर टांगणं.

सीओटू (मिग) मशीनवर साधी स्टीलची वायर? नको.

गरम करून की थंड ठेवून

याच्यावर वेल्डरांची भांडणं होतात. थंड पद्धतीत मॅनिफोल्ड हाताला सोसेल इतपतच तापू द्यायचा, इंचभर टाका मारायचा, लगेच गोल तोंडाच्या हातोडीने ठोकून त्याचा ताण मोडायचा, थांबायचं, मग भलत्याच बाजूला पुढचा इंच. वेळखाऊ आहे, पण भट्टी लागत नाही. लहान भेगेला मी हेच करतो.

फ्लँजभोवती पूर्ण फेरा मारायचा असेल तर मला गरम पद्धतच पटते. अख्खा मॅनिफोल्ड एकसारखा ३०० अंशांच्या वर न्यायचा, काम संपेपर्यंत तिथेच ठेवायचा आणि मग कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचा. ‘एकसारखा’ हा शब्द महत्त्वाचा. गॅसची ज्योत एकाच कोपऱ्यावर धरून प्रीहीट केलं म्हणणारा माणूस तडा स्वतःच्या हाताने पेरत असतो. तापमान अंदाजाने नको, टेम्परेचर चॉक (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) वापरा.

त्याआधीचं काम मात्र दोन्ही पद्धतींत सारखंच आणि तितकंच कंटाळवाणं. वीस वर्षं धूर प्यायलेल्या बिडात तेल आणि काजळी मुरलेली असते. नुसतं ग्राइंडरने घासून ती जात नाही, भाजून काढावी लागते. तरी पहिल्या थरात फुगे आलेच तर तो थर घासून टाका आणि नवा चढवा. कडा चांगल्या तिरक्या काढा, कोपरे गोल ठेवा. फ्लँज साध्या माइल्ड स्टीलचा घ्या, कारण त्याचं प्रसरण बिडाच्या जवळ जातं. स्टेनलेसचा फ्लँज इथे उगाच ताण वाढवतो. जाडी १२ मिलीमीटर, आणि फेसिंग शेवटी. वेल्डिंगनंतर दोन्ही तोंडं, टर्बोकडचं आणि सिलिंडर हेडकडचंही, मशीनवर सपाट करून घेतल्याशिवाय गॅस्केट टिकत नाही.

आतली बाजू कुणी बघत नाही, म्हणून सांगतो. रॉडचा स्लॅग (टाक्यावरची खपली) किंवा धातूचा एखादा मणी पोर्टच्या, म्हणजे वायूच्या वाटेच्या, आत चिकटून राहिला, तर तो एक दिवस सुटतो आणि मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या टर्बाइनवर जाऊन आदळतो. बर (ग्राइंडरचं कानशीसारखं टोक) घेऊन आतला टाका गुळगुळीत करणं हे कामाच्या पैशातच धरा.

वेल्ड न मारता

अडॅप्टर म्हणजे मॅनिफोल्डच्या मूळ तोंडाला बोल्टने बसणारा आणि वरच्या बाजूला टर्बोचं तोंड असलेला स्टीलचा तुकडा. सगळं वेल्डिंग स्टीलला स्टील, बिडाला धक्काच नाही. पटलं नाही तर काढून गाडी मूळ रूपात आणता येते. तोटे तीन: एक जोड आणि एक गॅस्केट वाढतं, टर्बो दोन-तीन इंच सरकतो म्हणून बॉनेटखाली जागा लागते, आणि मूळ तोंडाचे दोन-तीन बोल्ट टर्बोचं वजन पेलायला बनवलेले नसतात. त्यामुळे टर्बोपासून इंजिन ब्लॉकपर्यंत आधाराची पट्टी हवीच. तोंड अरुंद असेल तर वायूही तिथे तुंबतो. तरीही डिझेल जीपवर, बेताच्या बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला), मी आधी अडॅप्टर बसतोय का ते मोजतो आणि मगच वेल्डिंगचं बोलतो.

त्याहून सोपं एक आहे आणि लोक नेमकं तेच विसरतात: तुमच्या इंजिनाचा टर्बोवाला भाऊ बाजारात आहे का? महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय डिझेल साधंही विकलं गेलं आणि टर्बोसह बोलेरोतही आलं. अशा जोडीत कंपनीचाच टर्बो मॅनिफोल्ड भंगार बाजारात मिळू शकतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक सकाळ घालवा. जाताना आपल्या हेडचं गॅस्केट बरोबर न्या आणि पोर्टवर ठेवून बघा, दुकानदाराच्या ‘बसेल’वर जाऊ नका.

पाइपचा मॅनिफोल्ड

पेट्रोल इंजिन आणि खरा बूस्ट असेल तर जुनं बीड विसरा, असं माझं मत आहे. शेड्यूल ४० चे (हे पाइपाच्या भिंतीच्या जाडीचं ठरलेलं माप) वेल्डिंगचे एल्बो आणा. सव्वा इंची पाइपाची भिंत साडेतीन मिलीमीटर असते, दीड इंचीची त्याहून किंचित जास्त. माइल्ड स्टील स्वस्त आणि वेल्डिंगला सोपं, पण सतत लाल तापलं तर पापुद्रे सुटतात. ३०४ स्टेनलेस टिकतं, मात्र आर्गनच्या वेळी पाइपाच्या आतूनही आर्गन सोडणारा कारागीर हवा, नाहीतर टाका आतून जळून खडबडीत होतो.

स्टेनलेसचा खरा त्रास लांबीत आहे. ४०० मिलीमीटरचा मॅनिफोल्ड ७०० अंशांनी तापला तर बीड साधारण साडेतीन मिलीमीटर वाढतं, स्टेनलेस पाच. पाण्याने थंड राहणारं अॅल्युमिनियमचं हेड त्याच वेळी एक मिलीमीटरही वाढत नाही. हा फरक कुठेतरी जायला हवा. म्हणून हेडकडचा फ्लँज पोर्टांच्या मधून कापून सुटा ठेवतात आणि टोकाची भोकं किंचित मोठी करतात. वेल्डिंग करताना मात्र सगळं जाड प्लेटला आवळून ठेवायचं. टर्बोच्या बाजूला भंगारातलं रिकामं टर्बाइन हाउसिंग बोल्ट करून ठेवलं की भोकं हलत नाहीत.

खर्च जास्त, हे उघड आहे. पण दुसऱ्यांदा करावा लागत नाही. बिडाच्या वेल्डमध्ये भट्टी, भाजणं, निकेलचे रॉड आणि दोन तोंडांचं फेसिंग धरलं तर माइल्ड स्टीलच्या पाइपाशी फार अंतर उरत नाही.

एकसारखे दहा-बारा मॅनिफोल्ड हवे असतील, म्हणजे क्लबमधले सगळे एकाच गाडीवर काम करत असतील, तर कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत चौकशी करा. खर्च असतो पॅटर्न आणि कोअर बॉक्सचा, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचा. तो वाटला गेला की एसजीचा ओतीव मॅनिफोल्ड परवडू शकतो. एकट्यासाठी हा नाद नको.

मग बिडावर वेल्ड मारायचा तरी कधी? डिझेल असेल, वायू ६५०-७०० अंशांच्या आत राहत असेल, बूस्ट बेताचा असेल, अडॅप्टरला जागा नसेल, आणि मॅनिफोल्ड एसजीचा किंवा निदान जाड, तडे नसलेल्या करड्या बिडाचा असेल, तेव्हा. ५५चा रॉड, गरम पद्धत, माइल्ड स्टीलचा फ्लँज. निकेलयुक्त बिडाचा मॅनिफोल्ड असेल तर तो आधीच टर्बोचा असण्याची शक्यता मोठी, मग त्याला न कापता त्याच्या तोंडाला जुळणारा टर्बो शोधा.

आणखी एक, रस्त्यावरच्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. मूळ बनावटीपासून असा बदल आरटीओत आणि विम्याच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो. मी केलेले बहुतेक शेतावरच्या आणि ऑफरोडच्या गाड्यांवर आहेत.

मॅनिफोल्ड राखेतून काढला की बाहेरून टाक्याच्या कडेने खडूची पूड पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आणि आतून रॉकेल फिरवा. अर्धा तास थांबा. भेग असेल तर पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. डाय पेनिट्रंटचा (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाचा) डबा असेल तर अधिक बरं. गाडीवर चढवल्यावर पहिले दोन-तीन दिवस चांगली तापवून पूर्ण गार होऊ द्या, गारच असताना बोल्ट पुन्हा आवळा, आणि फ्लँजभोवती बॅटरी मारून काजळीची काळी रेघ कुठे दिसते का ते बघा.