सीएमआर नोटचं कॉपी पॅड: कागद चांगला, पण १८ नंबरचा चौकोन फार छोटा

५ पैकी ४ स्टार. १ स्टार का कापला ते खाली लिहिलंय आणि जे इंटरनॅशनल लाईनवर नवीन आहेत त्यांनी तेवढं तरी वाचाच.

आधी पॅडबद्दल. सीएमआर नोट म्हणजे ट्रकने एका देशातून दुसऱ्या देशात माल नेताना भरायचा कागद. एका सेटमध्ये लाल, निळी, हिरवी आणि काळी अशा ४ कॉप्या आहेत, लाल माल पाठवणाऱ्याची, निळी मालाबरोबर जाते आणि जिथे उतरवतो तिथे द्यायची, हिरवी आपल्या कंपनीची, काळी जादा. कार्बन घालायची गरज नाही, वर लिहिलं की खाली उमटतं, पण साधं बॉलपेनच वापरा आणि दाबून लिहा, जेल पेनने खालच्या कॉपीवर काहीच येत नाही. सेटच्या मागे पुठ्ठा सरकवायला विसरलात तर पुढचा कोरा सेट पण खराब होतो, माझे सुरुवातीला ३ सेट असेच गेले. नंबर छापील आहेत, चौकोनांची नावं दोन भाषांत आहेत, फाडताना कडा सरळ फाटते. तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. हा कागद म्हणजे नुसती बिल्टी नाही, १९५६ साली जिनिव्हात झालेल्या सीएमआर कराराप्रमाणे हा माल ताब्यात घेतल्याचा पुरावा आहे. २२ नंबरच्या चौकोनात पाठवणारा सही करतो, २३ मध्ये वाहतूकदार, म्हणजे प्रत्यक्षात तिथे उभा असलेला ड्रायव्हर, म्हणजे आपण. आणि माल ताब्यात घेताना नगांची संख्या, त्यावरच्या खुणा आणि नंबर, माल आणि पॅकिंग वरवर ठीक दिसतंय का हे तपासायची जबाबदारी त्याच करारात लिहिलीय. काही चुकीचं दिसलं तर १८ नंबरच्या चौकोनात कारणासकट लिहायचं. काहीच लिहिलं नाही तर माल आणि पॅकिंग चांगलं होतं आणि आकडा बरोबर होता असं धरलं जातं, मग उलट सिद्ध करायचं ओझं आपल्या बाजूवर येतं.

हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. एका गोदामात ३३ पॅलेट भरायचे होते, मला रॅम्पवर जाऊ दिलं नाही, वेटिंग रूममध्ये बसा म्हणाले, दोन तासांनी कागद पुढे केला आणि मी सही करून निघालो. उतरवताना २ पॅलेटचे खालचे बॉक्स ओले होऊन फुटलेले, समोरच्याने त्याच्या कॉपीवर लगेच तसं लिहिलं आणि माझी नोट मात्र एकदम क्लीन, म्हणजे १८ मध्ये काहीच लिहिलेलं नाही. रस्त्यात पाऊस नव्हता, ताडपत्री कुठे फाटलेली नव्हती, तरी बोलायला काही जागाच राहिली नाही. करारानुसार भरपाईची जबाबदारी कंपनीची असते, माणसाने कामावर असताना केलेल्या चुकीसाठी पण कंपनीच जबाबदार, पण कंपनीने माझ्या पगारातून कापून घेतले. भरपाईला मर्यादा असते, किलोमागे ८.३३ एसडीआर, म्हणजे आयएमएफचं जे हिशोबाचं एकक आहे ते, तरी ४०० किलोच्या एका पॅलेटला ३,३३२ एसडीआर होतात, ही रक्कम छोटी नाही.

तेव्हापासून मोजू दिलं नाही तर मी तसंच लिहितो, "लोडिंगला हजर राहू दिलं नाही, नग मोजता आले नाहीत". आधीच सील लावलेला ट्रेलर मिळाला तर सीलचा नंबर आणि आत बघता आलं नाही हे कारण. तपासायचं साधनच नसेल तर तसं लिहायचं हे करारातच आहे, यात पाठवणाऱ्याचा अपमान नाही की भांडण नाही. काही जण चिडतात, लिहिलेली नोट नको म्हणतात, नवीन क्लीन नोट भरा म्हणतात. तिथे नम्रपणे नाही म्हणायचं आणि ऑफिसला फोन लावायचा. आपण लिहिलं म्हणजे पाठवणारा बांधला जातो असं मात्र नाही, त्यासाठी त्याने त्याच नोटवर स्पष्ट मान्य करावं लागतं, पण आपली नोट क्लीन राहत नाही, हेच मोठं.

आणि म्हणूनच १ स्टार कापला, कारण या पॅडवर १८ चा चौकोन एवढा छोटा छापलाय की दोन ओळी लिहिल्या की संपला, त्यात हिरव्या कॉपीवर खालचा भाग पुसट येतो. जबाबदारीचं सगळं वजन ज्या चौकोनावर आहे तोच सगळ्यात कंजूष, हे मला पटत नाही. मी बारीक अक्षरात लिहून चारही कॉप्यांचे फोटो काढतो.

अजून एक, १३ नंबरमध्ये पाठवणाऱ्याच्या सूचना असतात, त्यात कधीकधी पोचायची अशी वेळ टाकतात की युरोपियन नियमाप्रमाणे साडेचार तासांनी ४५ मिनिटांचा ब्रेक आणि दिवसाचं ९ तास ड्रायव्हिंग धरलं तर जमतच नाही. त्याच ५६१/२००६ नियमात लिहिलंय की ठरलेलं वेळापत्रक तासांच्या नियमात बसवणं हे पाठवणाऱ्याचं पण काम आहे, पण टॅकोग्राफमधलं, म्हणजे ड्रायव्हिंगचे तास नोंदवणाऱ्या यंत्रातलं कार्ड आपल्या नावाचं असतं आणि तपासणीला थांबवतात ते आपल्यालाच. जमणार नसेल तर सही करायच्या आधीच बोला.

उतरवताना वरून दिसणारं नुकसान तिथल्या तिथे लिहिलं जातं, न दिसणारं असेल तर घेणाऱ्याला ७ दिवस मिळतात, रविवार आणि सुट्ट्या सोडून. म्हणून २४ नंबरमध्ये त्याची सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय मी हलत नाही, पोचल्याची आणि निघाल्याची वेळ पण लिहून घेतो.

ईसीएमआर म्हणजे मोबाईलवरची नोट पण आता आहे, त्याचा प्रोटोकॉल २००८ चा, पण सगळ्या देशांनी अजून मान्य केलेला नाही, म्हणून कागद कॅबमध्ये लागतोच. पुढचं पॅड पण हेच मागवलंय, सोबत फक्त एक कडक पुठ्ठा वेगळा घेतलाय.