ओल्या वाळूतला रोमॅनोमर्मिस: डासअळ्यांवर घ्यावा का?

रोमॅनोमर्मिस हा डासांच्या अळ्यांत शिरून त्यांना मारणारा, दोऱ्यासारखा बारीक सूत्रकृमी. भातखाचर, तळं किंवा साचलेलं स्वच्छ पाणी असेल आणि त्रास ॲनोफेलीसचा, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासांचा असेल, तर जरूर घ्यावा. गटार, शौचालयाची टाकी किंवा खाऱ्या पाण्यासाठी मात्र पैसे घालवू नका. तिथे हा सूत्रकृमी टिकत नाही.

आपल्याकडे उपयोगाची जात म्हणजे रोमॅनोमर्मिस अय्यंगारी. दक्षिण भारतातल्या ॲनोफेलीसमध्ये सापडलेल्या या कृमीचं वर्णन वेल्च यांनी 1964 साली केलं. अंडी असतात ओल्या वाळूत. वाळू दमट हवी, निथळती नको. सुकली तर अंडी गेली. पाणी साचलं तर ती वाटेतच फुटतात आणि बाहेर आलेली पिल्लं दोनेक दिवसांत मरतात. म्हणून माल आला की आधी चाचणी: चमचाभर वाळू पांढऱ्या बशीत घ्या, वर क्लोरीन उडालेलं पाणी घाला आणि दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहा. केसासारखी, जेमतेम मिलिमीटरभर पिल्लं पृष्ठभागाजवळ वळवळताना दिसली पाहिजेत. तुरळकच दिसली तर माल परत करा.

फवारणीच्या आदल्या दिवशी वाळू भिजवावी. पाणी हलवून 1 मिली काढा, पिल्लं मोजा आणि एकूण पाणी जितके मिली असेल त्याने गुणा. दर चौरस मीटरला साधारण 2000 ते 5000 पिल्लं लागतात. पाठीवरचा पंप चालतो, पण बारीक जाळी काढून टाका आणि टाकीत आधीच्या कीटकनाशकाचा अंशही ठेवू नका. पिल्लं टाकीत भरली की लगेच फवारा. पहिला दिवस गेला की त्यांची अळीत शिरण्याची ताकद ओसरते.

निम्म्या तक्रारी वेळ चुकल्यामुळे होतात. पिल्लू कोवळ्या, पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या अळीतच नीट शिरतं. मोठ्या अळ्या निसटतात, कोषांवर तर काहीच परिणाम नाही. शिवाय अळी लगेच मरत नाही. कृमी आत वाढतो आणि आठवडाभराने अंग फाडून बाहेर पडतो, तेव्हा ती मरते. दुसऱ्या दिवशी जिवंत अळ्या पाहून औषध फसलं असं ठरवू नका. चार-पाच दिवसांनी काही अळ्या उजेडासमोर धरा. छातीच्या भागात पांढरं वेटोळं दिसलं की काम चालू आहे.

एका फवारणीवर थांबूनही चालत नाही. एल साल्वादोरच्या अपास्तेपेके तलावात याच्याच भावंडाने, म्हणजे क्युलिसिवोरॅक्स या रोमॅनोमर्मिसच्या दुसऱ्या जातीने, ॲनोफेलीसच्या अळ्या सुमारे 94 टक्क्यांनी घटवल्या, त्या सात आठवड्यांत 11 वेळा सोडल्यावर. तळाची माती ओली राहिली तर कृमी तिथेच अंडी घालून पुढची पिढी उभी करतो, आणि याचा खरा फायदा हाच. बीटीआय हे जिवाणूंपासून बनवलेलं अळीनाशक दिवसभरात अळ्या मारतं, पण पुन्हा पुन्हा टाकावं लागतं.

किंमत हा मोठा अडसर आहे. हा कृमी जिवंत डासअळ्यांवरच वाढवावा लागतो, तर बीटीआय टाक्यांत आंबवून बनतं. अमेरिकेत 1970 च्या दशकात ‘स्कीटर डूम’ नावाने क्युलिसिवोरॅक्स विकायला आला होता. वाहतुकीत अंडी दगावायची आणि तो बाजारात टिकला नाही. त्यामुळे लांबून मागवण्यापेक्षा जवळच्या प्रयोगशाळेतून ताजा मिळत असेल तरच घ्या. गप्पी मासे आधीच सोडलेल्या तळ्यात तर याची गरजच नाही. ते कृमी शिरलेल्या अळ्याही खाऊन टाकतात.