जेटस्कीचं मिक्श्चर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आहे का: प्लग वाचावा की वाइडबँड लावावा?

सिलिंडरचा बोअर वाढवून कार्ब्युरेटरमध्ये मोठे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) टाकलेली मित्राची टू-स्ट्रोक जेटस्की अडखळते, धूर सोडते. स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघू की वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिक्श्चरचा आकडा दाखवणारा) बसवू, असं तो विचारतोय.

प्लगचा खर्च शेकड्यांत. फुल थ्रॉटलवर पळवा, थेट लेनयार्ड (इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी) ओढा आणि प्लग काढून बघा. आयडलवर आणलीत तर आयडलचीच काजळी दिसेल. पोर्सिलेनच्या मुळाशी, अगदी आत, ओलसर काळं कडं म्हणजे रिच. फिकट तपकिरी असेल तर ठीक. मेहनत मात्र खूप, भर पाण्यात पाना घेऊन बसायचं.

वाइडबँडला हजारो लागतात. आकडा लगेच मिळतो, पण टू-स्ट्रोकमध्ये न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये निसटते आणि रिच मिक्श्चरही लीन (पेट्रोल कमी) भासतं. शिवाय ऑइल आणि पाणी सेन्सर खातात.

कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला माझ्या मते प्लगच. सुपरचार्ज्ड फोर-स्ट्रोक ट्यून करायची असेल तर वाइडबँड, एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळण्याआधीच्या जागी.