गाडीतला घरगुती संगणक: रास्पबेरी पाय ३ बी प्लस बसवून पाहिल्यानंतर

ज्या गाड्यांमध्ये कंपनीने दिलेली म्युझिक सिस्टिम रेडिओ आणि सीडीच्या पलीकडे जात नाही, त्यांच्या मालकांपुढे आता बहुधा एकच मार्ग ठेवला जातो, तो म्हणजे बाजारातील तयार अँड्रॉइड सिस्टिम. मी त्याऐवजी रास्पबेरी पाय ३ बी प्लस हा छोटा संगणक, त्याच कंपनीचा सात इंची टचस्क्रीन आणि अँड्रॉइड ऑटो (फोनमधील नकाशा आणि गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारी गूगलची सोय) दाखवणारी क्रँकशाफ्ट ही मोफत प्रणाली असा संच माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये बसवला. एक पूर्ण उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की संगणक म्हणून हा बोर्ड कामाला पुरून उरतो. परंतु गाडीचे बारा व्होल्ट त्याच्यापर्यंत नीट पोहोचवणे हेच खरे काम आहे आणि खर्चाचा मोठा वाटाही त्यासाठीच राखून ठेवावा लागतो.

मार्च २०१८ मध्ये आलेल्या या बोर्डावर १.४ गिगाहर्ट्‌झचा चार गाभ्यांचा प्रोसेसर आणि अवघी एक जीबी रॅम आहे. आजच्या कोणत्याही साध्या फोनपुढे हे आकडे किरकोळ वाटतील, तरीही नकाशा अडखळत नाही. याचे कारण असे की क्रँकशाफ्टमध्ये अँड्रॉइड ऑटो चालतो तो वास्तविक फोनवरच. फोन यूएसबी केबलवरून तयार चित्र व्हिडिओच्या स्वरूपात पाठवतो, बोर्ड ते उलगडून पडद्यावर दाखवतो आणि बोटाचा स्पर्श फोनला परत कळवतो. हा व्हिडिओ उलगडण्याची सोय चिपमध्येच असल्याने प्रोसेसरवर फारसा भार येत नाही. मात्र ज्या ओपनऑटो या मुक्त प्रकल्पावर क्रँकशाफ्ट उभे आहे, त्याला गूगलची अधिकृत मान्यता नाही. उद्या फोनमधील अ‍ॅप बदलले आणि जोडणी तुटली, तर ती दुरुस्त करून देण्यास कोणीही बांधील नाही.

पडद्याविषयी खरेदीपूर्वीच जाणून घ्यावे असे एक मोजमाप आहे. डॅशबोर्डमध्ये म्युझिक सिस्टिमसाठी असलेली टू-डिन या मापाची खाच साधारण १८० गुणिले १०० मिलिमीटरची असते आणि या पडद्याची बाहेरची काच १९४ गुणिले ११० मिलिमीटरची आहे. त्यामुळे तो खाचेत आत जात नाही, तर तिच्यावर झाकणासारखा बसवावा लागतो. पुण्यात नाना पेठेत किंवा गाडीच्या अ‍ॅक्सेसरीच्या कोणत्याही दुकानात मिळणारी फ्रेम इथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. ती कापून, घासून घ्यावी लागते. ८०० गुणिले ४८० हे रिझोल्यूशन नकाशाला पुरते, पण दुपारचे ऊन समोरून आले की रस्त्यांची नावे वाचता येत नाहीत.

आता विजेकडे वळू. बोर्डाला ५.१ व्होल्ट आणि अडीच अँपिअरपर्यंतचा पुरवठा लागतो. याउलट गाडीची बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट देते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास जाते आणि स्टार्टर फिरताना क्षणभर दहाच्याही खाली येते. मोबाइल चार्ज करण्याचे लायटर सॉकेटमधील स्वस्त चार्जर हे चढउतार फोनच्या बॅटरीच्या जिवावर निभावून नेतात. या बोर्डाला स्वतःची बॅटरी नाही, आणि पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्यावर विजेचे चिन्ह उमटते व प्रोसेसरचा वेग कमी होतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत सहज मिळणारे एलएम २५९६ या चिपचे कन्व्हर्टर (बारा व्होल्टचे पाच करणारे यंत्र) कागदावर तीन अँपिअरचे असते, परंतु डॅशबोर्डमागच्या बंद जागेत त्याच्याकडून सलग दोनहून अधिक अँपिअरची अपेक्षा करू नये. पाच अँपिअरचे कन्व्हर्टर, त्याच्या आधी फ्यूज आणि शक्य तितकी आखूड व जाड तार, एवढ्या तीन गोष्टींत मुळीच काटकसर करू नये. बाहेरून घेतलेल्या हार्नेसमध्ये (तारांच्या तयार जोडणीत) पिवळी तार कायम चालू, लाल तार किल्लीवर आणि काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या धातूला जोडायची असते; गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये मात्र रंगांवर विसंबू नये, मल्टिमीटर लावून पाहावे.

यापुढचा प्रश्न किल्ली बंद करण्याचा. बोर्ड थेट किल्लीच्या तारेवर ठेवला तर तो दर वेळी अचानक बंद पडतो. क्रँकशाफ्टची मुख्य प्रणाली केवळ वाचनासाठी उघडलेली असल्याने मेमरी कार्ड सहसा बिघडत नाही, परंतु स्वतःची माहिती साठवणाऱ्याला हा धोका राहतोच. बोर्ड कायम चालू असलेल्या तारेवर ठेवला, तर पडद्यासह पाच वॅट धरले तरी बॅटरीतून सुमारे ०.४ अँपिअर सतत वाहतात आणि दिवसाला दहा अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी शनिवार-रविवार उभ्या राहिलेल्या गाडीला सोमवारी चालू करील याची खात्री देता येत नाही. समाधानकारक व्यवस्था अशी की किल्लीच्या तारेची स्थिती ऑप्टोकपलरमधून (गाडीची वीज अलग ठेवून फक्त प्रकाशाने संकेत पोहोचवणाऱ्या भागातून) बोर्डाच्या पिनला कळवावी (ती पिन ३.३ व्होल्टहून अधिक सहन करत नाही), बोर्डाने रीतसर बंद व्हावे आणि मग टाइम-डिले रिलेने, म्हणजे ठरावीक वेळाने उघडणाऱ्या स्विचने, पुरवठा पूर्णपणे तोडावा. किल्लीची पिन नेमण्याची सोय क्रँकशाफ्टमध्ये आहे, ही त्याच्या निर्मात्यांनी प्रत्यक्ष गाडीत बसून विचार केल्याची खूण म्हणावी लागेल.

आवाजाबाबत बोर्ड निराश करतो. हेडफोनच्या छिद्रातून येणारा आवाज खरखरीत असतो आणि माइकची सोयच नाही. यूएसबी साउंड कार्ड जोडल्यास दोन्ही प्रश्न सुटतात. स्पीकर चालवण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर वेगळा हवा, अन्यथा जुनी सिस्टिम ठेवून तिच्या ऑक्समध्ये (बाहेरचा आवाज घेणाऱ्या छिद्रात) आवाज द्यावा. इंजिनच्या गतीबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर अर्थ एकाच ठिकाणी घ्यावा. तरीही न गेल्यास आवाजाच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर (ही शिट्टी अडवणारा भाग) लावावा.

उन्हाळ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. हा बोर्ड ६० अंशांवर पोहोचताच वेग १.२ गिगाहर्ट्‌झवर आणतो, आणि एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड स्वतःच त्या आकड्याजवळ असतो. नकाशा तेवढ्या वेगातही चालतो, तरी बोर्ड पडद्याच्या पाठीला न लावता ग्लोव्ह बॉक्समागे ठेवलेला बरा.

चालू व्हायला संच साधारण अर्धा मिनिट घेतो, म्हणून मागच्या कॅमेऱ्यासाठी मी यावर अवलंबून राहणार नाही. ज्यांना फक्त गाणी आणि नकाशा हवा, त्यांनी तयार सिस्टिम घ्यावी. सुटे भाग आणि फ्रेमचे काम धरता येथे बचत होत नाही. सोल्डरिंगची सवय असलेल्या आणि इंजिनची माहिती स्वतः नोंदवू इच्छिणाऱ्या माणसाला मात्र तयार सिस्टिममध्ये इतकी मोकळीक मिळणार नाही. ईएलएम ३२७ या चिपचा ब्लूटूथ अडॅप्टर ओबीडीच्या, म्हणजे गाडीची तपासणी करण्याच्या, सॉकेटमध्ये लावला की कूलंटचे तापमान आणि इंजिनचे फेरे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतील छोट्या प्रोग्रॅमने वाचता येतात. फक्त त्या सॉकेटची सोळावी पिन किल्ली काढल्यावरही चालू राहते, तेव्हा गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवावा.