मिल लॅक्सवरचं फिश हाउस: ११४० डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

एक हजार एकशे चाळीस डॉलर. मिल लॅक्स तळ्यावरचं फिश हाउस भाड्यानं घेताना एका खोट्या जाहिरातीत गेले. आकडा आधीच सांगतो, कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्यानं पहिलं "किती गेले?" हेच विचारलं आणि उत्तर ऐकून "मग एवढं काय त्यात" असा चेहरा केला. सहा जणांत माणशी १९० होतात, हे मलाही कळतं. पण पैसे मी गोळा केले, माझ्या खात्यातून गेले, आणि पाच जणांनी ते माझ्या शब्दावर दिले होते. त्यात नाशिकहून महिनाभरासाठी आलेला माझा सख्खा मेहुणा. त्याच्यासाठीच तर सगळा घाट घातला होता.

मिनेसोटात राहणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी थोडक्यात. हिवाळ्यात इथली तळी गोठली की लोक बर्फावर फिश हाउस, म्हणजे मासेमारीची छोटी घरं, ओढत नेतात. आत हीटर, झोपायला बंक, आणि घराच्या तळालाच भोकं. ऑगरनं, म्हणजे मोठ्या गिरमिटानं, बर्फाला छेद द्यायचा, मिनो (आमिषाचे छोटे मासे) लावून गळ सोडायचा आणि वॉलआय माशाची वाट बघायची. आम्ही आजवर लेक मिनेटोंकावर दिवसा तंबू टाकून बसलो होतो, रात्रीचा मुक्काम कधी केला नव्हता. या वेळी मोठं तळं, दोन रात्री, असं ठरलं. मिल लॅक्स मिनियापोलिसच्या उत्तरेला शंभरेक मैलांवर, पसारा १ लाख ३२ हजार एकरांचा. आमच्यापैकी कुणीच ते हिवाळ्यात पाहिलेलं नव्हतं.

आता २०२३ चा डिसेंबर आठवा. ख्रिसमसला इथे पाऊस पडला. बर्फ नाही, पाऊस! आम्ही आधी दुसऱ्या एका तळ्यावर केलेलं बुकिंग तिथल्या मालकानंच रद्द केलं आणि आगाऊ रक्कम परत दिली. बर्फ धरलाच नाही, म्हणाला. मेहुण्याचं परतीचं तिकीट जानेवारीत, सगळ्यांच्या सुट्ट्या मंजूर झालेल्या. अशा वेळी माणूस शोधत सुटतो, आणि नेमकी हीच वेळ साधून ही मंडळी जाहिराती टाकतात. यंदा बर्फाचा भरवसा नाही, चांगल्या जागा रद्द होताहेत, लोक हातात पैसे घेऊन फिरताहेत, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

जाहिरात एका जुन्या वस्तू नि भाड्याच्या साइटवर होती. सहा जणांचं स्लीपर, म्हणजे आत झोपता येईल असं फिश हाउस, दोन रात्रींचे ८४० डॉलर. भाव फार स्वस्त नव्हता, हे लक्षात घ्या. "स्वस्तात मिळतंय म्हणून भुललात" असं मला एकानं तोंडावर ऐकवलं. अजिबात नाही. बाजारभावाच्या जवळपासच होता, म्हणून तर खरा वाटला. फोन नंबर ३२० नं सुरू होणारा, म्हणजे तिकडचाच. (असा नंबर कुठेही बसून विकत घेता येतो, हे आता कळलं. एरिया कोड बघून कुणावर विश्वास ठेवू नका.) मी फोन केला तर त्यानं उचलला. रिसॉर्ट वडिलांचं आहे म्हणाला, वॉलआय कोणत्या वेळी लागतात ते सांगितलं, बुटाला लावायचे क्लीट्स आणा म्हणाला. इतकंच काय, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतःचा आणा, हाउसमधल्यावर विसंबू नका, हेही बजावलं. आमच्या जिवाची काळजी करणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? माझ्या जागी कुणीही असता तरी घेतला नसता.

२८ डिसेंबरला निम्मे, म्हणजे ४२० मागितले. कार्ड चालेल का विचारलं तर "मशीन रिसॉर्टवर आहे, आत्ता बँकेच्या ॲपमधून नंबरवर पाठवा" म्हणाला. आपल्या यूपीआयसारखीच सोय आहे ही, नंबर टाकला की पैसे क्षणात पोचतात. नंबर टाकल्यावर स्क्रीनवर नाव आलं ते एका बाईचं. त्याच्या नावाशी, आडनावाशी काही संबंध नाही. खाली सूचनाही होती की ओळखीच्याच माणसाला पाठवा, पैसे परत मिळणार नाहीत. मी थांबलो. खरंच थांबलो, फोन करून विचारलं. "आमचे हिशेब बघते ती," तो पटकन म्हणाला. पुण्यात असताना प्लंबरचे पैसे त्याच्या बायकोच्या नंबरवर, दूधवाल्याचे त्याच्या भावाच्या नंबरवर मी वर्षानुवर्षं पाठवलेत, कधी एक रुपया बुडाला नाही. त्या सवयीनं घात केला. तुम्हाला स्पष्ट सांगतो: नाव जुळलं नाही की तिथेच थांबा, समोरचा कितीही गोड कारण देवो.

आणि त्याहून मोठी गोष्ट दुसऱ्याच दिवशी घडली. तीच मला अजून झोपू देत नाही.

२९ डिसेंबरला अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून तुटून वाहत गेला आणि त्यावर शंभराहून जास्त माणसं अडकली. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं, पण बातमी राज्यभर गाजली. बायको म्हणाली, जायचं नाही. मी त्याला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "ते रेड लेक. आमच्याकडे वीस इंच आहे, पिकअप सरळ हाउसपर्यंत येते." वर पुढे, तिकडची माणसं आता आमच्याकडे वळताहेत, तेव्हा मोडतोडीची अनामत ३०० डॉलर आजच भरा, परत मिळते. ३० तारखेला मी भरले.

वीस इंच! हा शब्द कानावर पडताच नकाशा उघडायला हवा होता. अपर रेड लेक मिल लॅक्सच्या कितीतरी उत्तरेला, शिवाय उथळ. राज्यातल्या मोठ्या तळ्यांमध्ये ते पहिल्या काही गोठणाऱ्यांपैकी. तिथला बर्फ माणसांच्या पायाखालून तुटतोय आणि त्याच्या दक्षिणेला, ख्रिसमसच्या पावसानंतर चार दिवसांत, वीस इंच कुठून येणार? बर्फावरून पायी चालायलाही चार इंच लागतात, स्नोमोबाइलला पाच ते सात, आणि पिकअप न्यायची तर फुटाहून जास्त जाडी हवी. हे डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, पत्रकात छापलेलं असतं, ते पत्रक आमच्या फ्रिजवर लावलेलं होतं. पण तळ्यावर आज नेमका किती बर्फ आहे हे ते खातं मोजत नाही. मग मी तपासणार कशावरून? साताऱ्यात वाढलेल्या माणसाला कोणतं तळं आधी गोठतं हे उपजत माहीत नसतं. ज्याला माहीत असतं तो गावातला बेट शॉपवाला, मिनो विकणारा. त्याला एक फोन केला असता तर त्यानं अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. अनोळखी तळ्यावर जाणार असाल तर भाड्याचं बोलण्याआधी बेट शॉपला फोन करा. घर भाड्यानं देणाऱ्याला बर्फाबद्दल कधीच विचारू नका.

पुढचे पैसे मग भराभर गेले. २ जानेवारीला "उरलेले ४२० आजच दिलेत तर ६० कमी", म्हणून ३६०. ४ तारखेला दोन गाड्यांचा आईस रोडचा पास, प्रत्येकी ३०, म्हणजे ६०. हा शेवटचा हप्ता पाठवताना मला बरं वाटलं होतं, कारण बर्फावरचा रस्ता राखायचे आणि भेगांवर पूल टाकायचे पैसे रिसॉर्टवाले खरोखर घेतात. चोरानं धंद्याची बारीकसारीक माहिती काढली होती. वर दोन पानांचा करारही पाठवला, सहीसकट.

शुक्रवारी, ५ जानेवारीला, अंधार पडता पडता दिलेल्या पत्त्यावर पोचलो. रिसॉर्ट खरं होतं. फिश हाउसेसही होती, पण सगळी काठावर, पार्किंगमध्ये रांगेनं उभी. एकही तळ्यावर उतरवलेलं नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या फोनवरचे फोटो बघितले आणि म्हणाल्या, हे आमचंच हाउस आहे, फोटो आमच्याच साइटवरचे आहेत, पण तुमचं बुकिंग आमच्याकडे नाही आणि या नावाचा कुणी माणूसही नाही. तुम्ही पहिले नाही, असंही म्हणाल्या. मी त्याला फोन लावला. बंद.

त्या बाईंनीच एक गोष्ट दाखवली. इथल्या नियमानं बर्फावर ठेवलेल्या हाउसच्या बाहेर मालकाची ओळख लिहावी लागते: नाव-पत्ता किंवा नंबर, किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत. त्यांच्या मूळ फोटोत दाराशेजारी ते स्पष्ट दिसत होतं. आमच्या फोटोत तिथे पांढरा पुसट डाग. मी तो पाहिला होता. खाजगी माहिती म्हणून झाकली असेल, असं वाटलं होतं. फोटोत हा मजकूर झाकलेला असेल तर सरळ मागून घ्या, आणि रिसॉर्टचं नाव स्वतः शोधून त्यांच्या साइटवरच्या नंबरवर फोन करा. जाहिरातीतल्या नंबरवर नाही.

रात्री मोटेलच्या दोन खोल्यांचे २३६ डॉलर गेले. ते मी ११४० मध्ये धरलेले नाहीत. लायसन्स, मिनो, पेट्रोल, काहीच धरलेलं नाही. मेहुणा "जाऊ द्या दाजी" म्हणाला, आणि ते ऐकून मला जास्त लागलं.

आता ज्यांनी काही करायला हवं होतं त्यांच्याबद्दल. आमच्या उपनगरातल्या पोलिसांनी सांगितलं, गुन्हा तळ्याकडे घडला, तिकडच्या शेरीफकडे जा. हे तळं तीन काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, पसरलंय. मग कोणत्या काउंटीच्या शेरीफकडे? पत्ता एका काउंटीतला, त्यानं सांगितलेला बर्फावर उतरायचा रस्ता दुसरीतला. पहिल्या ऑफिसनं दुसरीकडे पाठवलं. दुसऱ्यानं विचारलं, पैसे कुठून पाठवले? घरून. मग तुमच्या गावीच तक्रार करा! म्हणजे जिथून निघालो तिथेच परत. मी ओरडलो फोनवर, लपवत नाही. फसवणूक करणारा कुठे बसलाय हे कुणालाच माहीत नाही, एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर तीन सरकारी ऑफिसं माझी फाइल हातात घ्यायला तयार नव्हती. शेवटी आमच्या गावच्या ठाण्यानं केस नंबर दिला, तोही बँकेला हवाय म्हणून मी खिडकीपुढून हललो नाही तेव्हा. त्यापुढे आजतागायत एक फोन नाही. फेडरल सरकारचा ऑनलाइन फॉर्म भरला, त्याचं आपोआप येणारं पोचपत्र तेवढं आलं.

बँकेचं ऐकाल तर डोकं फिरेल. पाऊण तास संगीत ऐकवून बाईंनी विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" हो म्हटलं, तर विषय संपला. १९७८ चा जो कायदा इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी आहे, तो तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांना संरक्षण देतो. बटण तुम्हीच दाबलंत तर फसवून दाबायला लावलं असलं तरी बँक हात वर करते. ज्या बाईच्या नावावर पैसे गेले तिचं खातं कुठल्यातरी बँकेतच आहे ना? ते उघडताना कुणीतरी ओळखपत्र बघितलंच असेल. मग ते नाव, तो नंबर, चार तारखा, चार रकमा पुढ्यात ठेवल्यावरही चौकशी करायला काय अडचण आहे? "आम्ही दुसऱ्या ग्राहकाची माहिती देऊ शकत नाही." मी माहिती मागतच नव्हतो. ते खातं गोठवा, एवढंच म्हणत होतो.

क्रेडिट कार्डनं भरलं असतं तर माल मिळाला नाही म्हणून बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. कार्ड नको म्हणणाऱ्याकडून या देशात काहीही भाड्यानं घेऊ नका. रिसॉर्टवाला खरा असेल तर तो कार्ड घेतो, आणि बर्फ नसेल तर आमच्या पहिल्या मालकासारखा स्वतःहून फोन करून पैसे परत देतो. आगाऊ रक्कम भरल्यावर "आणखी एक अनामत" निघाली की फोन ठेवून द्या. गटाचे पैसे एकानं भरू नका, भरायचेच असतील तर दुसऱ्यानं वेगळ्या फोनवरून रिसॉर्टशी बोलून खात्री केल्याशिवाय भरू नका. आमच्यात पाच जण इंजिनिअर आहेत. मंडळात आता लोक दबक्या आवाजात बोलतात, तुम्ही कसे फसलात म्हणून. अशांना सांगतो, तो माणूस हाच धंदा रोज करतो, आणि आपण वर्षातून एकदा सहलीला जातो.

जाहिरात मी साइटवर दोनदा रिपोर्ट केली. उत्तर आलं की ती "नियमांचं उल्लंघन करत नाही". आता ती दुसऱ्या नावानं परत आली आहे. तळं बदललंय, दोन रात्रींचे ७९० केलेत, फोटो तोच, फक्त उलटा फिरवलेला. दार आधी डावीकडे होतं, आता उजवीकडे दिसतं. पांढरा डाग दाराशेजारीच आहे. दिसली तर पैसे पाठवू नका, आणि माझ्या केस नंबरासाठी मला निरोप करा. तक्रारदार दोन झाले तर ठाण्यातल्या माणसाला फाइल उघडावी लागेल.