होंडा सिटी: पहिल्या व्हीटेकपासून हायब्रिडपर्यंत

साताऱ्यात माझं गॅरेज आहे. गाड्या सगळ्याच कंपन्यांच्या येतात, पण होंडा सिटीवर माझा जीव आहे आणि हे माझ्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. भारतात आलेल्या पाचही पिढ्यांच्या सिटी मी खोलल्या, बसवल्या आणि काम झाल्यावर यवतेश्वरच्या घाटात चालवून बघितल्या. सेकंडहँड सिटी घेऊ का, आणि घेतली तर कुठली, असं विचारायला माणसं येत असतात. त्यांना उभ्या उभ्या जे सांगतो तेच इथं जरा निवांत लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही गाडी स्टेअरिंगवर बसणाऱ्यासाठी आली आणि दर पिढीला थोडी थोडी मागच्या सीटवाल्याची होत गेली. पेट्रोल इंजिन मात्र कायम चालवणाऱ्याच्या बाजूनं राहिलं. कुठली सिटी तुमची, हे तुम्ही गाडीत कुठं बसणार यावर ठरतं.

सिटी हे नाव होंडानं जपानमध्ये १९८१ साली एका उंच, छोट्या हॅचबॅकला दिलं होतं. सेडान म्हणून ते परत आलं १९९६ साली, थायलंडमध्ये. तीच गाडी जानेवारी १९९८ मध्ये आपल्याकडे आली. ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात बनायची, १.३ आणि १.५ लिटर अशी दोन इंजिनं होती. १.५ ला १०० बीएचपी (इंजिनाची ताकद). त्या वेळी आपल्या रस्त्यावर मारुतीची एस्टीम म्हणजे मोठी गाडी, त्यामुळे हा आकडा वाचूनच लोक शोरूममध्ये जायचे. त्याच सुमाराला मित्सुबिशीची लान्सर आली, मग फोर्ड आयकॉन आली. चालवायचा शौक असणाऱ्यांचे ते दिवस होते.

खरी गाडी आली २००० साली, याच पहिल्या पिढीत. १.५ व्हीटेक, १०६ बीएचपी. आज १०६ हा आकडा कुणाला मोठा वाटणार नाही, पण ती गाडी हलकी होती, बसायची जागा खाली, डॅशबोर्ड खाली, काचा मोठ्या आणि खांब बारीक. स्टेअरिंग हायड्रॉलिक होतं, त्यामुळे पुढच्या टायरखाली खडी आहे की गुळगुळीत डांबर, ते हाताला कळायचं. गिअरची दांडी नुसत्या मनगटानं पडते. पंचवीस वर्षं चाललेल्या गाडीतसुद्धा, बुश बदललेले असतील तर, अजून तशीच पडते.

व्हीटेक म्हणजे काय ते वरचं टॅपेट कव्हर काढलं की दिसतं. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूला कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) दोन साध्या लोबच्या, म्हणजे उंचवट्यांच्या मध्ये तिसरा, जास्त उंच लोब असतो. कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) तो नुसता फिरत राहतो, व्हॉल्व्हला त्याचा स्पर्श पोचत नाही. आरपीएम वर गेलं की कॉम्प्युटर सोलेनॉइड, म्हणजे ऑइलची विजेवरची झडप उघडतो, ऑइलचं प्रेशर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरमधल्या पिना ढकलतं, तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात आणि मधला उंच लोब कामाला लागतो. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात, आणि इंजिन एकदम मोकळा श्वास घेतं. पुण्याकडून येताना खंबाटकीच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला की तो क्षण कानाला आधी कळतो. आवाज जाड असतो तो घट्ट आणि उंच होतो, आणि पाठीला ढकल बसते. बाकीची इंजिनं जिथं थकतात तिथून हे सुरू होतं.

ही सगळी करामत ऑइलच्या जोरावर चालते, हे मात्र लक्षात ठेवा. ऑइल कमी असेल किंवा काळं, घट्ट झालेलं असेल तर सोलेनॉइडची जाळी तुंबते आणि तो उंच लोब कामालाच लागत नाही. गाडी चालते, पण वर ओढत नाही. अशी गाडी चालवून "व्हीटेकमध्ये काही दम नाही" म्हणणारे भेटतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. जाळी साफ करून, चांगलं ऑइल भरून त्यांना घाटात घेऊन जावं लागतं. परत येताना ते गप्प असतात आणि चावी लवकर सोडत नाहीत.

उणीव सांगायची तर एकच मोठी, ती म्हणजे खालची उंची. गावोगावच्या बेकायदा स्पीडब्रेकरवर चार माणसं बसवून ही गाडी नेली की इंजिनाखालचं ऑइल चेंबर घासणार. तिरकी काढायची सवय लावावी लागते.

मग २००३ मध्ये कंपनीनं तोंडच फिरवलं. नवी, म्हणजे दुसऱ्या पिढीची सिटी होंडाच्याच जॅझ या छोट्या गाडीच्या पायावर बांधली होती. उंच, आखूड नाकाची, लोक तिला डॉल्फिन म्हणू लागले. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली नेल्यामुळे मागं पाय पसरायला भरपूर जागा झाली. डिकी दांडगी. स्टेअरिंग इलेक्ट्रिक झालं, हलकं झालं, आणि रस्ता हाताला लागायचा बंद झाला. इंजिन आय-डीएसआय, १.५ लिटर, ७७ बीएचपी. १०६ वरून ७७! जुन्या व्हीटेकवाल्यांना हे पटलं नाही आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं बरोबर होतं.

पण त्या इंजिनाला नावं ठेवायला मी तयार नाही. आठ व्हॉल्व्ह, एका सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एकूण आठ प्लग. सगळी ताकद खाली, २७०० आरपीएमलाच पूर्ण टॉर्क (ओढ). इथल्या राजवाड्याच्या गर्दीत तिसऱ्या गिअरमध्ये निवांत रांगते आणि अ‍ॅव्हरेज असं देते की माणूस खूश. कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याच्या (टायमिंग बेल्ट) जागी टायमिंग चेन आली, ही मोठीच सोय. घेताना एवढंच बघा की आठही प्लग बदललेले आहेत का. मागचे चार वायपरखालच्या पत्र्याआड असतात, तो भाग उघडायचा कंटाळा करून पुढचे चार बदलायचे आणि बिल पूर्ण लावायचं, असं काही ठिकाणी चालतं. २००५ च्या झेडएक्स या सुधारित मॉडेलमध्ये व्हीटेक परत आली, १०० बीएचपीची. गाडी चांगली, पण उंच अंगाची असल्यानं वळणावर कलते.

आता २००८ ची तिसरी पिढी. हिच्याबद्दल मी भरभरून बोलतो, कारण माझ्या मते चालवणारा आणि मागं बसणारा, दोघांनाही पूर्ण न्याय देणारी सिटी हीच. नाक बाणासारखं पुढं आलं, छप्पर खाली झुकलं, चाकांमधलं अंतर २४५० वरून २५५० मिलिमीटर झालं. १.५ आय-व्हीटेक, ११८ पीएस (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच), ६६०० आरपीएमला. दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या मॉडेलला सुरुवातीपासून दिले. २००८ साली या किमतीच्या गाडीत हे सहसा कुणी देत नव्हतं, खालच्या मॉडेलमधून ते काढून पैसे वाचवायची रीत होती. हे श्रेय होंडाला द्यायलाच हवं.

या इंजिनाची चाल पहिल्या व्हीटेकपेक्षा वेगळी आहे. खालच्या आरपीएमला दोनपैकी एक इनटेक व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडतो, त्यानं आत हवेला भोवरा मिळतो आणि पेट्रोल वाचतं. वर गेलं की दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण कामाला लागतात. जुन्यासारखा धक्का बसत नाही, पण सात हजारांपर्यंत एका दमात जाते आणि कुठंही कुरकुर करत नाही. लाखाच्या वर किलोमीटर झालेली इंजिनं मी उघडली आहेत, आतून स्वच्छ असतात. फक्त टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवणं, वेळेवर हवं. हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं. रात्रभर गाडी उभी ठेवायची, सकाळी कव्हर काढायचं, फीलर गेजची (फट मोजायची) पात रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये घालायची. पात अडकायला नको आणि सैलही नको, जरा ओढ लागली पाहिजे, लोणी लावलेल्या सुरीसारखी ती बाहेर आली पाहिजे. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा बघायचं. सोळा व्हॉल्व्ह, सोळा वेळा. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे. ते नीट झालं की आयडलला इंजिन चालू आहे की बंद, ते बॉनेटला हात लावून बघावं लागतं.

या गाडीला मारलं ते डिझेलनं. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेल स्वस्तच राहिलं. चाकणहून फोक्सवॅगनची व्हेंटो डिझेलमध्ये आली, २०११ मध्ये ह्युंदाईची नवी व्हर्ना १.६ डिझेल घेऊन आली. रोज कोल्हापूर-पुणे करणारा माणूस पेट्रोल सिटी कशाला घेईल? होंडाकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर जानेवारी २०१४ मध्ये चौथ्या पिढीत आलं. १.५ डिझेल, १०० पीएस, २०० न्यूटन मीटर, सहा गिअर, आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत २६ चं अ‍ॅव्हरेज. लांबचा प्रवास असणाऱ्यांनी डोळे मिटून घेतली आणि त्यांचे पैसे वसूल झाले. पण इंजिनाचा आवाज आत येतो आणि खेळकरपणा काही नाही. पेट्रोलवाली चांगली, पण तिसऱ्या पिढीपेक्षा मऊ. एसीची बटणं जाऊन बोटानं दाबायची टच काच आली, चालवताना रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडं बघावं लागतं. मला ते अजिबात आवडत नाही. मागची सीट मात्र सोफा. एवढं पुरे.

पाचवी पिढी जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या गडबडीतच आली. गाडी १७४८ मिलिमीटर रुंद झाली, रस्त्यावर भारदस्त दिसते. पेट्रोल इंजिनाला दोन कॅम मिळाले, १२१ पीएस, आणि पेट्रोलला अखेर सहावा गिअर. थायलंडमध्ये हीच गाडी एक लिटर टर्बोसह विकली, आपल्याकडे टर्बो दिला नाही. मला त्याची खंत नाही. टर्बो नसलेलं, पायाखाली तारेसारखं ताणलेलं असं इंजिन आता नव्या गाड्यांत शोधावं लागतं. पण नुसता वेगच हवा असेल तर प्रामाणिकपणे सांगतो, चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियात १.५ टर्बो आहे, १५० पीएस. २०२३ ची व्हर्ना टर्बो १६० पीएसची. चढाला त्या सिटीला मागं टाकणार. सिटीची मजा इंजिन फिरवण्यात आहे, ती ज्याला नको त्यानं तिकडं जावं.

मे २०२२ मध्ये हायब्रिड आली, साडेएकोणीस लाखाला. तिच्यात बहुतेक वेळ पेट्रोल इंजिन वीज तयार करतं आणि चाकं मोटर फिरवते. हायवेला एका वेगात गेलं की क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. २५३ न्यूटन मीटर टॉर्क शून्यापासून हाताशी. यवतेश्वर चढताना ती ज्या शांतपणे उचलते ते बघून मी थक्क झालो. उतरताना स्टेअरिंगमागच्या पात्यांनी मोटरचा ब्रेक वाढवता येतो, पाय ब्रेकवर फार ठेवावा लागत नाही, आणि बॅटरी भरत खाली येते. मात्र पाय पूर्ण दाबला की इंजिन एका सुरात ओरडत राहतं, गाडीच्या वेगाशी त्या सुराचा मेळ बसत नाही. सिटीचं इंजिन कानानं चालवणाऱ्याला हे रुचत नाही. बॅटरीमुळे डिकी ५०६ लिटरवरून ३०६ वर आली. चार माणसं आणि गणपतीला गावी जायचं सामान, हे गणित जमत नाही. रोज शहरात फिरणाऱ्या, दोन-तीन माणसांच्या घराला ती फार चांगली. २०२३ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा डिझेल बंद झालं, त्यानंतर कमी पेट्रोलात लांब जायचं तर सिटीत हाच एक रस्ता उरला.

आता घ्यायची कुठली. शौकासाठी, घरात दुसरी गाडी असेल तर, २००० ते २००३ ची व्हीटेक. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा, नसेल तर घेतल्या दिवशी बदला. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकू शकतात. मॅट उचलून फ्लोअरचा पत्रा बघा, कोकणात राहिलेली गाडी असेल तर जास्तच बघा. पंधरा वर्षांनंतरचं रीपासिंग झालंय का आणि पर्यावरण कर भरलाय का, ते कागदावर बघा. इंजिनाचे पार्ट मिळतात, दरवाज्यांची रबरं आणि आतलं प्लास्टिक शोधायला वेळ लागतो.

घरची एकमेव गाडी म्हणून तिसरी पिढी, मॅन्युअल. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग इन्फ्लेटरसाठी (एअरबॅग फुगवणारा भाग) होंडानं जुन्या सिटी परत बोलावल्या होत्या आणि ते काम फुकट करून दिलं जातं. चासी नंबर टाकून आपल्या गाडीचं झालंय का ते तपासा, याला पर्याय नाही. नवी घ्यायची असेल आणि स्वतः चालवणार असाल तर पाचवी, सहा गिअरची पेट्रोल.

आणि कुठलीही सिटी बघायला सकाळी जा. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की गाडी आधी चालू करून ठेवू नका. इंजिन थंड असताना पहिला सेल्फ तुम्ही मारा आणि रेझ न देता मिनिटभर बॉनेटजवळ उभं राहून ऐका. टॅपेट वाजत असतील, मागून निळा धूर येत असेल, ते तेव्हाच कळतं. गरम इंजिन पुष्कळ काही लपवतं.