करवाढ की खर्चाला कात्री? नवं-जुनं करणाऱ्या सरकारचा हिशेब

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीत एक नेहमीचं दृश्य असायचं. शेतकरी बंडीच्या आतल्या खिशातून रुमालात बांधलेलं पुडकं काढायचा, पीककर्ज भरायचा, पावतीची घडी करायचा आणि उठता उठता हळूच विचारायचा, ‘नवं कव्हय भेटी, आप्पा?’ पुडक्यातले पैसे आडत्याकडून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेले असत. हे त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक. याला आमच्याकडे नवं-जुनं म्हणतात. जुनं खातं बंद, नवं खातं तेवढंच किंवा थोडं जास्त. गटसचिव म्हणून, म्हणजे सोसायटीची कर्जखाती सांभाळणारा म्हणून, मी वर्षानुवर्षं हेच लिहीत आलो.

देशाचं कर्जही असंच चालतं. मुदत संपलेले रोखे नव्या रोख्यांच्या पैशांतून फेडले जातात. माझा भाचा धुळ्यात राज्यसेवेचा अभ्यास करतो. त्याला सराव मुलाखतीत प्रश्न आला: देशाचं कर्ज हलकं करायचं तर कर वाढवावेत की खर्च कापावा? तो म्हणाला, ‘मामा, एकच बाजू सांगा. तळ्यात-मळ्यात केलं की मार्क जातात.’

बाजू सांगितली, ती पुढे येईलच. आधी त्याला आकडे लिहून घ्यायला लावले.

केंद्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचा. येणाऱ्या रुपयातले २४ पैसे उसनवारीचे, जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजाचे. म्हणजे नवं कर्ज बहुतेक जुन्याच्या व्याजातच मुरतं. अंदाजित तूट १५ लाख ६९ हजार कोटी, जीडीपीच्या ४.४ टक्के. केंद्राचं एकूण कर्ज जीडीपीच्या ५६ टक्क्यांच्या आसपास आहे आणि मार्च २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांवर, एखादा टक्का इकडेतिकडे, आणायचं ठरलंय. कर्ज फेडून मोकळं व्हायचं असं कोणीच म्हणत नाही, उत्पन्नाच्या मानानं ते उतरवायचं आहे. पाच लाखांचं कर्ज दहा एकर बागायतवाल्याला जड जात नाही, दोन एकर कोरडवाहूवाल्याला झोपू देत नाही.

कात्री

जाणारा रुपया उलगडून पाहा. व्याजाचे २० पैसे. राज्यांना करातला वाटा २२, वित्त आयोगाचे आणि इतर ठरलेले ८, संरक्षण ८, निवृत्तिवेतन ४. झाले ६२ पैसे. यांना हात लावायची कोणाची छाती नाही, काहींना तर कायद्यानंच लावता येत नाही. कात्री चालवायची ती उरलेल्या ३८ पैशांवर. चर्चा मात्र कायम त्यातल्या ६ पैशांची, म्हणजे अनुदानांची. अन्नधान्याचं अनुदान सुमारे २ लाख ३ हजार कोटी, खताचं १ लाख ६८ हजार कोटी. उद्या सकाळी दोन्ही बंद केली तरी तुटीचा चौथा हिस्साही भरत नाही, आणि नंदुरबारकडच्या अक्कलकुवा-धडगावच्या आदिवासी घरांत चूल पेटायचे वांधे होतील ते वेगळेच.

आणि बंद करणार कोण? १९९१ च्या जुलैमध्ये, देशाचं सोनं गहाण पडलेलं असताना, मनमोहन सिंगांनी खताच्या किमती ४० टक्के वाढवायचं जाहीर केलं. संसदेत गदारोळ झाला, वाढ ३० टक्क्यांवर आली, लहान शेतकऱ्यांना सूट द्यावी लागली. तरी त्या वर्षी तूट जीडीपीच्या जवळपास दोन टक्क्यांनी खाली आली. म्हणजे कात्री चालते, पण गळ्याशी आल्यावरच.

अनुदानाला हात लावला की माणूस ओरडतो. धरण ओरडत नाही. म्हणून पहिली कात्री बहुतेक वेळा बांधकामावर पडते, आणि खान्देशात हे कोणाला पुस्तकातून शिकायला नको. अमळनेर तालुक्यातलं पाडळसे धरण, निम्न तापी प्रकल्प, नव्वदच्या दशकात मंजूर झालं तेव्हा खर्च दीडशे कोटींच्या आत होता. मग कधी चार पैसे आले, कधी तेही नाहीत. सुधारित खर्च आता चार हजार कोटींच्या पुढे गेलाय आणि काम अजून पुरं नाही. मंत्रालयातल्या वहीत प्रत्येक वर्षी ‘बचत’ झाली असेल. इकडे त्या पाण्यावर ज्यांनी केळी लावायची होती ते म्हातारे झाले. एका वर्षाचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलणं याला मी कपात म्हणत नाही, ते नवं-जुनंच.

परदेशातलं उदाहरण द्यायचं तर कॅनडाचं द्यावं. १९९५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी करवाढीच्या एका डॉलरमागे खर्चकपातीचे जवळजवळ सात डॉलर ठेवले. १९९७-९८ ला तिथे तुटीच्या जागी शिल्लक दिसली. कात्रीवाल्यांचं हे आवडतं उदाहरण. पण शेजारी अमेरिकेचा बाजार तेजीत होता, व्याजदर उतरत होते, आणि प्रांतांना आरोग्य-शिक्षणासाठी जाणारा पैसा कापला गेला होता. वरच्याची तूट खालच्याच्या गळ्यात. दिल्लीनं राज्याला, राज्यानं जिल्हा परिषदेला, अशी ही उतरंड आपल्याकडेही आहेच.

ग्रीसचं नाव घेतलं की समोरचा गप्प होतो. भर मंदीत कर वाढवले आणि खर्चही कापला, अर्थव्यवस्था पाव हिश्शानं आकसली आणि कर्जाचं प्रमाण उलट वाढलं.

कर

कराचं एक बरं असतं, तो रातोरात येतो. मे २०२० मध्ये केंद्रानं पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये लिटरमागे वाढवले. ना आंदोलन, ना निविदा. पण डिझेलवरचा कर रावेरहून दिल्लीला निघालेल्या केळीच्या ट्रकात बसतो आणि शेवटी बांधावरच्या भावातून वजा होतो. साबणावरचा जीएसटी शहाद्याच्या मजूरणीलाही तेवढाच आणि जळगावच्या सराफालाही तेवढाच. शिवाय उपकर आणि अधिभार केंद्राला राज्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत, म्हणून दिल्लीचा जीव त्यांच्यावर जास्त.

दुसरी खोड अशी की कर पळतो. नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. गुजरातेत पेट्रोल स्वस्त, म्हणून आमच्याकडचे लोक हद्द ओलांडून टाकी भरून येतात. एकट्या राज्यानं कर वाढवला की गिऱ्हाईक पलीकडे जातं. जीएसटीनंतर राज्याच्या हातात इंधन, दारू, मुद्रांक, वाहनं एवढंच मोठं उरलंय. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रानं दारूवरचं शुल्क वाढवलं ते हौसेनं नाही: २०२५-२६ च्या अंदाजात राज्याची महसुली तूट सुमारे ४६ हजार कोटी, त्यात लाडकी बहीण योजनेसाठीच ३६ हजार कोटी. त्या पंधराशे रुपयांनी आमच्या गावातल्या किराण्याच्या उधारीच्या वह्या पातळ झाल्या हेही मी पाहिलंय, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

पण ‘कर कमी करा, भरभराट आपोआप येईल’ म्हणणाऱ्यांनी श्रीलंका आठवावी. २०१९ अखेर तिथे व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. मग कोविडनं पर्यटन बसलं, आणखी चुका झाल्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशानं परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले.

मग कोणतं पारडं?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं २०१० मध्ये श्रीमंत देशांचा अनुभव तपासला. तूट जीडीपीच्या एक टक्क्यानं कमी केली की दोन वर्षांत उत्पादन साधारण अर्ध्या टक्क्यानं घटतं. कर वाढवून केली तर दणका जास्त, खर्च कापून केली तर कमी. पण त्याचं एक कारण असं की खर्च कापला की तिथल्या मध्यवर्ती बँका व्याजदर जास्त उतरवतात. बँकेनं साथ दिली नाही तर कात्रीही तितकीच लागते.

माझी बाजू ही: कात्री आधी, कर मागून. पण कात्री धरण, कालवा, रेल्वे यांना लावायची नाही. आमच्याकडे बियाण्याचे पैसे लग्नात घालणाऱ्याला नावं ठेवतात, आणि बियाणंच न घेता ‘बचत केली’ म्हणणाऱ्याला वेड्यात काढतात. कापायच्या त्या निवडणुकीच्या तोंडावर जन्मलेल्या योजना, एकाच कामाची तीन-तीन खाती, आणि करसवलती. सवलत हा खर्चच आहे, फक्त खर्चाच्या पानावर दिसत नाही. २०१९ ला कंपन्यांचा कर उतरवला तेव्हा सरकारनंच वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडावे लागतील म्हटलं होतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग ते दोन एकर कपाशीचं असो की शंभर एकर केळीचं. हे लिहिल्यावर रावेर-यावलकडचे दोन मित्र महिनाभर फोन उचलणार नाहीत.

आणि वेळ बघायची. पाऊसपाणी बरं, बाजार चालू, तेव्हा कापायचं. दुष्काळात नाही.

भाच्यानं सगळं उतरवून घेतलं आणि पेन टेकवून विचारलं, ‘आणि पीककर्जाचं शून्य टक्के व्याज? तेही सरकारच भरतं ना? ते कापायचं का?’

भरतं. तीन लाखांपर्यंत, वेळेवर फेडणाऱ्याचं. ज्या पावत्यांवर मी जन्मभर शिक्के मारले त्या त्याच. मी म्हटलं, सरसकट नको, पण शून्य टक्क्यानं उचलून तेच पैसे मुदत ठेवीत टाकणारेही मी पाहिलेत, त्यांचं बंद करायला हरकत नाही. ‘कोण असं करतं?’ त्यानं विचारलं. नाव मी सांगितलं नाही. त्यातला एक त्याचा थोरला काका.